रापणीचे जाळे, मासळी आणि फेस: सॉफ्ट बॉडी कुठे वापरावी, पार्टिकल कुठे?

मालवणच्या एका बहीण-भावाने मला विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे. ते दोघे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून करायच्या मासेमारीवर, मोबाइलसाठी एक खेळ तयार करत आहेत. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते, जाळे सोडत अर्धवर्तुळात फिरते आणि दुसरे टोक घेऊन परतते. मग दोन्ही बाजूंची माणसे दोर ओढू लागतात आणि खेळणाऱ्याला त्या ओढण्याची लय सांभाळायची असते. जाळे, त्यातली मासळी, लाटांचा फेस, मधूनच येणारे जेलीफिश आणि पाऊस हे सारे युनिटी या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे आहे. भावाच्या मते जाळ्यापासून जेलीफिशपर्यंत सर्व काही सॉफ्ट बॉडी सिम्युलेशनने, म्हणजे वाकणाऱ्या-ताणणाऱ्या वस्तूंची हालचाल गणिताने काढून, करावे, तरच ते खरे वाटेल. बहिणीच्या मते गावातल्या मुलांच्या हातातल्या साध्या फोनवर ते चालणार नाही, म्हणून सगळे पार्टिकल सिस्टिमनेच, म्हणजे सुट्या कणांच्या झुंडीनेच, भागवावे. गेली सोळा वर्षे मी रत्नागिरीत राहून खेळांमधल्या भौतिकीचेच काम करते आहे, आणि त्या अनुभवावरून सांगते की हा वाद संपूर्ण खेळासाठी एकदाच सोडवता येत नाही. प्रत्येक वस्तूपाशी थांबून तिच्याविषयी एक प्रश्न विचारावा लागतो: या वस्तूच्या कणांना आपला शेजारी लक्षात ठेवावा लागतो का?

हा प्रश्न आधी विचारायचे कारण असे की ‘कण’ हा शब्द दोन्हीकडे येतो आणि नवीन काम करणाऱ्यांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. विल्यम रीव्ह्ज यांनी १९८३ मध्ये पार्टिकल सिस्टिमवरचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यासमोर आग, धूर यांसारखे ठाम कडा नसलेले पदार्थ होते. त्यांतला प्रत्येक कण जन्माला येतो, ठरलेला काळ जगतो आणि नाहीसा होतो. बाजूला कोण आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणूनच हजारो कण एकाच वेळी, एकमेकांची वाट न पाहता पुढे सरकवता येतात. सॉफ्ट बॉडीतही बहुधा कणच असतात. थॉमस याकोब्सन यांनी २००१ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये मांडलेली पद्धत, किंवा मथायस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली पोझिशन बेस्ड डायनॅमिक्स ही पद्धत, या दोन्हींत कण आधी मोकळे सरकवले जातात आणि मग त्यांच्यामधली ठरलेली अंतरे पुन्हा पुन्हा दुरुस्त केली जातात. येथे कणाला शेजारी आहे, तो कायमचा आहे, आणि त्याच्याशी असलेले अंतर राखणे हेच सगळ्या खर्चाचे कारण आहे.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा प्रकार असतो: कणाला शेजारी असतो, पण तो घडोघडी बदलतो. माशांचा थवा या प्रकारात येतो, आणि कणांनी केलेला द्रवही याच प्रकारात येतो. तुमच्या खेळात हे तिन्ही प्रकार आहेत, म्हणून तुम्हा दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर ठरते.

शेजाराच्या प्रश्नाला लागूनच दुसरा एक प्रश्न येतो: या वस्तूची स्थिती खेळाच्या नियमांना वाचावी लागते का? फेस कुठे उडाला यावर गुण ठरत नसतील, तर तो जीपीयूवर, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपवर, कसाही उडू द्यावा. पण दोर किती ताणला आहे यावर खेळ अवलंबून असेल, तर तो ताण त्याच फ्रेममध्ये (पडद्यावरच्या त्याच एका चित्रात) सीपीयूच्या, म्हणजे मुख्य प्रोसेसरच्या, हाती असला पाहिजे. जीपीयूवर मोजलेली गोष्ट परत वाचायला गेले की उत्तर सहसा काही फ्रेम उशिरा मिळते, आणि ओढण्याच्या लयीवर उभ्या असलेल्या खेळात तेवढा उशीर बोटांना जाणवतो.

आता जाळ्याकडे येते, कारण तुमच्या खेळाचा जीव त्यातच आहे. जाळ्याला शेजार आहे आणि खेळाला त्याची स्थिती वाचायची आहे, त्यामुळे ते सॉफ्ट बॉडीच्या बाजूला पडते. पण म्हणून युनिटीतला तयार क्लॉथ (कापडाचा) घटक लावून मोकळे होऊ नका. तो घटक फक्त तुम्ही नेमून दिलेल्या गोल आणि कॅप्सूल कोलायडरांना (टक्कर मोजण्यासाठीच्या अदृश्य आकारांना) ओळखतो आणि स्वतः कोणावरही उलट बल लावत नाही. होडीवरच्या झेंड्यासाठी किंवा पात्राच्या अंगावरच्या उपरण्यासाठी तो चांगला आहे. ज्या जाळ्याने ओढणाऱ्याला मागे खेचले पाहिजे, त्यासाठी तो उपयोगाचा नाही. तुम्हाला स्वतःचा छोटा सॉल्व्हर, म्हणजे कणांमधली अंतरे दुरुस्त करणारा कोड, लिहावा लागेल, आणि तो दोन-तीनशे ओळींत बसतो.

तो लिहिण्याआधी एकदा किनाऱ्यावर जाऊन वाळत घातलेले जाळे हातात घ्या. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलैदरम्यान, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात, तेव्हा कोणीही आनंदाने दाखवील. जाळ्याचा एक चौकोन दोन समोरासमोरच्या गाठींना धरून तिरका ओढला, तर तो विनासायास शंकरपाळ्यासारखा लांबट होतो आणि शेवटी मिटतो. कापड असे वागत नाही. कापडाच्या सिम्युलेशनवरचे जवळजवळ सगळे पाठ प्रत्येक चौकोनात दोन तिरकी बंधने (दोन गाठींमधले अंतर राखणारे नियम) घालायला सांगतात, कारण कापडाला तिरक्या ओढीला विरोध करायचा असतो. तीच कृती जाळ्यावर केली की जाळे ताडपत्रीसारखे दिसू लागते आणि नेमके काय चुकले ते सापडत नाही. तेव्हा तिरकी बंधने घालू नका. दुसरे असे की सूत ताणाला विरोध करते, दाबाला करत नाही. दोन गाठी एकमेकींच्या जवळ आल्या तर त्यांना दूर ढकलायचे कारण नाही; अंतर ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त झाले तरच दुरुस्ती करायची. या दोन गोष्टींनी गणित निम्म्याहून कमी होते आणि जाळे जाळ्यासारखे पडते.

आकड्यांत सांगते. लांबीत ४० आणि उंचीत १२ गाठी घेतल्या तर ४८० गाठी आणि ९०८ बंधने होतात. प्रत्येक फ्रेमचे ८ उपटप्पे केले तर फ्रेममागे ७,२६४ दुरुस्त्या होतात. ६० फ्रेमच्या वेगाला एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि नीट मांडलेल्या ॲरेंवर, युनिटीच्या बर्स्ट कंपायलरमधून (कोड वेगवान करणाऱ्या साधनातून) काढलेल्या कोडमध्ये, एवढे काम त्यातला लहानसा वाटा घेते. खऱ्या जाळ्यात या गाठींच्या कितीतरी पट चौकोन असतात, पण ते टेक्स्चरने, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्राने, दाखवायचे असतात. सिम्युलेशनमधली गाठ ही खऱ्या जाळ्याच्या एका मोठ्या तुकड्याची प्रतिनिधी असते. जाळ्याची स्वतःशीच होणारी टक्कर अजिबात मोजू नका. पाण्याखाली ती कोणाला दिसत नाही आणि खर्च मात्र बाकीच्या सगळ्या सॉल्व्हरपेक्षा अधिक करते.

येथे स्प्रिंग वापरण्याचा मोह टाळावा, आणि तो का टाळावा याचे कारणही समजून घ्यावे. साध्या स्प्रिंगच्या साखळीत एका टप्प्याचा काळ, वस्तुमानाला स्प्रिंगच्या ताठरतेने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळापेक्षा लहान ठेवावा लागतो. गाठ १० ग्रॅमची आणि ताठरता मीटरमागे १,००० न्यूटन धरली तर ही मर्यादा सुमारे ३.२ मिलिसेकंद येते, म्हणजे १६.७ मिलिसेकंदांच्या फ्रेमचे किमान ६ तुकडे केल्याशिवाय जाळे स्फोट झाल्यासारखे आकाशात उडते. दोर जितका ताठ, तितके तुकडे अधिक. पोझिशन बेस्ड डायनॅमिक्स या कारणाने उडत नाही, पण तिथे दुसरा दोष येतो: दोराची ताठरता किती वेळा दुरुस्ती केली यावर ठरते, त्यामुळे एका फोनवर कडक वाटणारा दोर दुसऱ्यावर रबरासारखा लागतो. २०१६ मध्ये माइल्स मॅक्लिन, म्युलर आणि नुट्टापोंग चेंतानेझ यांनी मांडलेली एक्सपीबीडी ही सुधारित पद्धत हा दोष दूर करते, आणि मूळ कोडमध्ये त्यासाठी मोजक्याच ओळी वाढतात. २०१९ मध्ये मॅक्लिन आणि सहकाऱ्यांनी असेही दाखवले की एका मोठ्या टप्प्यात अनेकदा दुरुस्ती करण्यापेक्षा टप्प्याचे तेवढेच लहान तुकडे करून प्रत्येकात एकदाच दुरुस्ती केली, तर त्याच खर्चात उत्तर अधिक चांगले येते. वर ८ उपटप्पे म्हटले ते याच आधाराने.

एक्सपीबीडी घेण्याचे तुमच्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण मात्र वेगळे आहे. त्यात प्रत्येक बंधनाबरोबर एक गुणक साठवला जातो, आणि तो गुणक उपटप्प्याच्या काळाच्या वर्गाने भागला की त्या दोरातला ताण न्यूटनमध्ये मिळतो. हाच ताण घेऊन फोन किती थरथरवायचा, दोराचा करकर आवाज किती चढवायचा, ओढणाऱ्याची पावले वाळूत किती रुतवायची हे सारे ठरवता येते. रापणीत दोर ओढणाऱ्याला पाण्यातले काही दिसत नसते. त्याला कळते ते हातातून. तुमच्या खेळात ही हातातली जाणीव आली नाही, तर जाळे कितीही सुंदर हलले तरी तो रापणीचा खेळ होणार नाही, असे मला मनापासून वाटते. म्हणून सॉफ्ट बॉडीवर खर्च करायचा असेल तो इथे करा.

दोर लांब असल्यामुळे एक अडचण नक्की येईल. दुरुस्ती एका गाठीकडून दुसरीकडे सरकत जाते, त्यामुळे शेकडो गाठींच्या साखळीत किनाऱ्यावरचा हिसका दुसऱ्या टोकाला वेळेवर पोहोचत नाही आणि दोर लवचिक भासतो. यावर साधा उपाय असा की प्रत्येक गाठीला किनाऱ्यावरच्या हाताशी थेट एक जास्तीचे बंधन द्यावे: त्या हातापासून तुझे अंतर मधल्या दोराच्या एकूण लांबीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. जड मासळीचे वजन गाठींना लावण्याचाही प्रयत्न करू नका. काही ग्रॅमच्या गाठीला शेकडो किलोंची वस्तू जोडली की कोणताही असा सॉल्व्हर ताणला जातो. आत किती मासळी आहे त्या प्रमाणात जाळ्यावरचा पाण्याचा अडसर वाढवा. ओढणाऱ्याला वजनच जाणवेल. हा अडसर वेगातून थेट वजा करायचा नाही, वेगाला (१ + अडसर × काळ) याने भागायचे; वजा केल्यास अडसर मोठा झाला की वेगाची दिशाच उलटते. वरच्या दोराच्या बोयांना तरंगण्याचे बल आणि खालच्या दोराच्या शिशाला वजन दिले की जाळे पाण्यात आपोआप भिंतीसारखे उभे राहते.

मासळी हा मधला प्रकार. बांगड्यांचा थवा पार्टिकल सिस्टिमने सोडला तर मासे एकमेकांतून आणि जाळ्यातून आरपार जातील. प्रत्येक मासा सॉफ्ट बॉडीने केला तर फोन बंद पडेल. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये मांडलेले थव्याचे तीन नियम, म्हणजे फार जवळ न येणे, शेजाऱ्यांच्या दिशेने पोहणे आणि समूहाला धरून राहणे, येथे पुरेसे आहेत. ६०० मासे असतील तर सरसकट तपासणीत सुमारे १ लाख ८० हजार जोड्या होतात, म्हणून पाण्याचे चौकटीत भाग पाडून फक्त लगतच्या घरांतले मासे तपासावेत. जाळ्याशी टक्कर त्रिमितीत मोजण्याची गरज नाही. जाळे तळापासून पृष्ठभागापर्यंत भिंतीसारखे उभे असते, तेव्हा वरून पाहिले तर ती ४० बिंदूंची एक वाकडी रेघ आहे. मासा त्या रेघेजवळ आला की त्याला आत वळवायचे आणि जाळे जिथे फाटलेले असेल तिथे वळवायचे नाही. किती मासळी मिळाली हेही त्याच रेघेच्या आतले मासे मोजून ठरते. माशाच्या शेपटीची हालचाल व्हर्टेक्स शेडरमधल्या (आकाराचे बिंदू हलवणाऱ्या, जीपीयूवरच्या छोट्या प्रोग्रॅममधल्या) एका साइन लाटेने होते आणि सगळे मासे एकाच मेशच्या (त्रिमितीय आकाराच्या) प्रतींनी काढता येतात.

फेस, तुषार आणि पाऊस ही पार्टिकल सिस्टिमची कामे, यात शंका नाही. पण ‘कण म्हणजे स्वस्त’ या समजुतीला येथे धक्का बसतो, आणि बहिणीने या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. कणाला हलवणे स्वस्त असते. त्याला रंगवणे महाग असते. १०८० × २४०० च्या पडद्यावर सुमारे २६ लाख पिक्सेल असतात. त्यातल्या एक तृतीयांश भागावर फेसाच्या कणांचे अर्धपारदर्शक चौकोन १२ थरांत पसरले, तर एका फ्रेममध्ये १ कोटीहून अधिक आणि सेकंदाला सुमारे ६२ कोटी पिक्सेल रंगवावे लागतात. कण शंभर आहेत की हजार यापेक्षा ते पडद्याचा किती भाग किती वेळा झाकतात याला महत्त्व आहे. मोबाइलच्या जीपीयूला पारदर्शक थर फार जड जातात, आणि परिणाम लगेच दिसत नाही: खेळ पाच-सात मिनिटे उत्तम चालतो, मग फोन तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि फ्रेम अडखळू लागतात.

मी स्वतः हे एका जुन्या प्रकल्पात सोसले आहे. त्यात समुद्रातले जेलीफिश आम्ही खऱ्या सॉफ्ट बॉडीने केले होते आणि त्यांच्याभोवती चमकणारे मोठे कण सोडले होते. टेबलावरच्या संगणकावर ते दृश्य पाहून सगळे हरखले. फोनवर दहा मिनिटांनी खेळ रखडू लागला. दोन आठवडे आम्ही सॉल्व्हर घासत बसलो, आणि शेवटी मोजल्यावर कळले की निम्म्याहून अधिक वेळ त्या कणांच्या थरांत जात होता. सॉफ्ट बॉडीचीही गरज नव्हतीच: घुमटाची उघडझाप शेडरमध्ये बसवली आणि स्पर्श झाल्यावर आकार चेपण्यासाठी प्रत्येक जेलीफिशला एकच, हळूहळू शांत होणारी (डॅम्प्ड) स्प्रिंग दिली, जी फक्त ‘किती चेपला’ ही एक संख्या सांभाळत होती. खेळणाऱ्यांपैकी कोणालाही फरक ओळखता आला नाही. तुमच्या जेलीफिशसाठी हेच करा.

म्हणून किनाऱ्यालगतचा सगळा फेस कणांनी करू नका. लाट वाळूवर चढते-उतरते तो पट्टा पाण्याच्याच शेडरमध्ये, किनाऱ्यापासूनच्या अंतरावर सरकणाऱ्या टेक्स्चरने करावा. खरे कण जाळ्याची वरची कड पाणी कापते तिथे, वल्ह्यापाशी आणि ओढणाऱ्यांच्या पायांपाशी ठेवावेत, लहान आकाराचे आणि थोड्या आयुष्याचे. त्यांच्यासाठी युनिटीची जुनी, सीपीयूवर चालणारी पार्टिकल सिस्टिम पुरे. युनिटीच्याच, जीपीयूवर कण चालवणाऱ्या व्हीएफएक्स ग्राफला कंप्यूट शेडर (जीपीयूवर सर्वसाधारण गणित करणारे प्रोग्रॅम) लागतात आणि साध्या फोनांवर तो भरवशाचा नाही. पाऊस संपूर्ण किनाऱ्यावर पाडायचा नसतो, कॅमेऱ्याभोवतीच्या पेटीएवढ्या जागेत पाडायचा असतो.

समुद्राचा पृष्ठभाग या दोन्हींपैकी कशातच बसत नाही. गेर्स्टनर लाटांची, म्हणजे टोकदार माथ्याच्या लाटा देणारी, चार-पाच सूत्रे बेरजेने घ्या आणि तीच सूत्रे सीपीयूवर होडीखाली मोजा, म्हणजे होडी दिसणाऱ्या लाटेवरच डुलेल. किनाऱ्यावरचे माड व्हर्टेक्स शेडरने हलवावेत.

काम कोणत्या क्रमाने करावे हेही सांगते, कारण क्रम चुकला की निर्णय चुकतात. आधी फक्त दोर आणि दोन हात करा, पाण्याऐवजी निळा सपाट पडदा ठेवा, आणि तुमच्या ओळखीतल्या सर्वांत साध्या फोनवर अर्धा तास ओढून पाहा. ओढण्यात गोडी वाटली की जाळे जोडा, मग मासळी, आणि फेस सर्वांत शेवटी. मोजमाप दर वेळी तापलेल्या फोनवरच घ्यावे. जाळे वाळूवर पूर्ण आले की गाठींचे सिम्युलेशन थांबवून त्यांची शेवटची स्थिती साध्या मेशमध्ये गोठवा. त्या क्षणी मोकळा झालेला वेळ मासळीच्या राशीला द्या. राशीचा खालचा भाग एक स्थिर मेश असू द्या आणि वर तीस-चाळीस बांगडे साध्या कठीण वस्तू म्हणून, अधूनमधून उलट्या दिशेने हिसका देत, खरोखर तडफडू द्या.